पहिलं पान शेवटी

भिकाजीकाकांनी छपाईच्या अरबी खिळ्यांची तिसरी लाकडी केस हातगाडीवर चढवली आणि मोडवाला दोरी आवळायला लागला. तेवढ्यात समोरच्या फुटपाथवरून एक उंच, किडकिडीत माणूस तरातरा आला आणि त्याने आपली कापडी पिशवी सरळ त्या केसवर ठेवून दिली.

“थांबा,” तो म्हणाला. “सकाळपासून मी पाच छापखाने फिरली. सगळे एकच सांगतात, अरबी खिळे फक्त ताम्हनकरांकडे. आणि इथे आली तर तुम्ही ते मोडीत देता?”

मोडवाला फिस्सकन हसला. भिकाजीकाकांनी तोंडावर उपरणं धरलं. पन्नाशीचा बाप्या, भरघोस मिशा, आणि ‘मी फिरली, मी आली’! हसू मलाही आवरेना.

“हसा,” तो मुळीच न रागावता म्हणाला. “माझी घरमालकीण वेणूबाई अशीच बोलते. मराठी मी तिच्याकडूनच शिकली. हसून झालं की केस खाली उतरवा.”

जाबिर हमदान यांची आणि आमची ओळख झाली ती अशी. १९८३ सालचा जानेवारी होता. मी तेव्हा सव्वीस वर्षांची. वडील जाऊन वर्ष झालं होतं आणि रविवार पेठेतला आमचा छापखाना माझ्या गळ्यात पडला होता. निदान नातेवाईक तसं म्हणायचे. खरं म्हणजे मी तो हट्टाने मागून घेतला होता, आणि आता चुलत्यांना ‘बघा, चालवून दाखवते’ म्हणायची सोय राहावी म्हणून रोज काहीतरी अडगळ काढून टाकत होते. अरबी खिळे त्या अडगळीतच मोडत होते. आजोबांनी ते खजुराच्या व्यापाऱ्यांची कागदपत्रं आणि मदरशांची पुस्तकं छापायला घेतलेले. ते जुळवणारे मुनशीजी वारले त्यालाही आठ वर्षं झाली होती.

“केस उतरवून करायचं काय?” मी म्हटलं. “आमच्याकडे अरबी जुळवणारं कुणी नाही.”

“हे नाहीत?” त्यांनी भिकाजीकाकांकडे बोट केलं.

“मी?” काका उडालेच. “अहो, मला त्यातलं ओ का ठो कळत नाही. मुनशीजींनी छापून झालेली पानं दिली की सोडवायचो मी. एकेक खिळा ज्याच्या त्याच्या घरात परत टाकायचा, बास. वीस वर्षं तेवढंच केलं.”

“म्हणजे कुठला खिळा कुठल्या घरात राहतो, तुम्हाला ठाऊक आहे?”

“ते डोळे मिटून सांगीन.”

“मग झालं तर! मुनशीजी घरातून बाहेर काढायचे, तुम्ही घरात टाकायचे. आता तुम्ही बाहेर काढा. वाचायचं काम मी करते.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं छापखान्यात उभं राहून त्यांच्या पोटऱ्यांच्या शिरा फुगल्या होत्या, पण हात अजून झरझर चालायचे. आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं होतं की मी मोडवाल्याला म्हटलं, “दादा, राहू द्या. उतरवा खाली.”

मोडवाल्याने मला मनातल्या मनात काय काय म्हटलं असेल ते असो. केसेस पुन्हा आत आल्या.

जाबिरसाहेबांनी पिशवीतून एक जाडजूड वही काढली. एक्केचाळीस कविता. तीनशे प्रती. आणि मुदत चोवीस दिवस.

“चोवीस का म्हणून?” मी विचारलं.

“चोविसाव्या दिवशी विदाद घरी जाते. इथे कॉलेजात शिकते, आमच्याच गावची, इराकमधल्या बसऱ्याची. तिकडे लढाई चालू आहे. ह्यानंतर कोण कधी जाईल, देव जाणे. एक प्रत तिच्याबरोबर गेली पाहिजे. बाकीच्या दोनशे नव्व्याण्णव पुढच्या वर्षी द्या, माझी तक्रार नाही. ती एक प्रत माझ्या बहिणीच्या हातात पडली पाहिजे. नजलाच्या.”

तसं बघितलं तर ते अशक्यच होतं. आमच्याकडे खिळे होते जेमतेम आठ पानांपुरते. म्हणजे आठ पानं जुळवायची, छापायची, सोडवायची, आणि त्याच खिळ्यांनी पुढची आठ जुळवायची. त्यात जुळवणाऱ्याला भाषा येत नाही आणि छापणारी मी. पण मी हो म्हटलं. त्या माणसाचा हट्ट माझ्या हट्टासारखाच होता, नाही म्हणायला जीभच रेटेना.

दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी आठच्या ठोक्याला यायचे. स्टुलावर बसून एकेक अक्षर बोटाने काकांना दाखवायचे, आणि काका खिळा उचलून हातातल्या ओळ जुळवायच्या स्टिकमध्ये टाकायचे. अरबीत एकाच अक्षराची तीन-चार रूपं. शब्दाच्या सुरुवातीचं वेगळं, मधलं वेगळं, शेवटचं वेगळं. पहिले दोन दिवस काकांनी कपाळाला हात लावला. तिसऱ्या दिवशी ते खूश होऊन मला हाका मारायला लागले.

“कुमे, गंमत बघ! हे लोक उजवीकडून लिहितात, बरोबर? पण खिळ्यावर अक्षर उलटं असतं. म्हणजे शिशात ही भाषा डावीकडूनच चालते. आपल्यासारखी!”

“काका, मी तुम्हाला हेच सांगायला आली होती,” जाबिरसाहेब म्हणाले. “शिशात आपण सगळे एकाच बाजूने चालतो.”

दुपारी ते मागच्या अंगणात फेऱ्या घालायचे आणि तोंडाने काही पुटपुटायचे. वही हातात नसायची. एकदा मी न राहवून विचारलं, “सगळं पाठ आहे तुम्हाला?”

“सगळं. ही वही तर मी इथे येऊन लिहिली, चालत चालत. आधीच्या वह्या बसऱ्याला होत्या.”

“मग त्या का नाही आणल्या?”

“जळल्या.”

“अगंबाई! लढाईत?”

“नाही. लढाईच्या खूप आधी. बहिणीने जाळल्या.”

एवढंच म्हणाले आणि पुन्हा फेऱ्या घालायला लागले. मी तिथेच उभी राहिले. ज्या बहिणीसाठी हा माणूस जिवाचं रान करतोय, तिनेच ह्याच्या वह्या जाळल्या? मला त्या न पाहिलेल्या बाईचा असा राग आला म्हणून सांगू! माझ्या भावाने माझा छापखाना विकायचा घाट घातला होता, तेव्हा आला होता तसाच. त्या दिवसापासून पुस्तक वेळेवर करणं हा माझाही हट्ट झाला. तिला कळलं पाहिजे की जळून काही संपत नाही.

पुस्तकाची पहिली पानं आम्ही नेहमी शेवटी छापतो. इथेही शेवटचा तुकडा चारच पानांचा राहिला होता: पहिल्या पानावर बहिणीसाठी एक ओळ, मागे कोरं, आणि पुढच्या दोन पानांवर पहिली कविता. ती ओळ जाबिरसाहेबांनी चिठ्ठीवर लिहून दिली. “काय लिहिलंय?” मी विचारलं. “तिचं नाव आहे,” म्हणाले. प्रूफ त्यांनी स्वतः तपासलं, मान हलवली आणि घरी गेले. त्यांना दोन दिवस ताप होता. गुरुवारी ते आले नाहीत. गुरुवारी दुपारी काकांनी पानं चेसच्या लोखंडी चौकटीत आवळली, ट्रेडलवर चढवली आणि मी पायाने मशीन चालवत तीनशे कागद काढले. काकांनी लगेच खिळे सोडवून घरात टाकले. छापून झालं की त्याच दिवशी टाईप घरी गेला पाहिजे, हा त्यांचा नेम वडीलही मोडू शकले नव्हते.

विदादसाठीची प्रत मी स्वतः शिवली. अरबी पुस्तक उजवीकडून बांधायचं, हे मी चारदा बजावून घेतलं होतं स्वतःला. तशी बांधली आणि जाम खूश झाले. म्हटलं, झालं हो, एकही चूक नाही!

शुक्रवारी अकराला जाबिरसाहेब आले, मागोमाग विदाद आली. विशीतली मुलगी, डोक्याला रुमाल, हातात जाण्याच्या गडबडीची यादी. तिची मुंबईची गाडी चारला होती. जाबिरसाहेबांनी हात धोतरावर पुसावेत तसे कोटावर पुसले आणि पुस्तक उघडलं.

आणि उघडलं ते तसंच धरून राहिले.

“हे काय आहे?” ते म्हणाले.

मी वाकून पाहिलं. पान मोठं, मध्ये त्यांची ती एक ओळ. आणि वर, अगदी मधोमध, दोन दंडांच्या आत ठसठशीत ‘श्री’.

मी सगळे तीनशे कागद माझ्या हाताने मशीनला दिले होते. तीनशे वेळा तो श्री माझ्या डोळ्यांसमोरून गेला होता, आणि मला दिसला नव्हता! दिसणार कसा? लग्नपत्रिका असो, जाहिरात असो, पंचांग असो, पहिल्या पानावर तो असतोच. तो नसता तर कदाचित मला खटकलं असतं.

“काका!” मी ओरडले. “हे तुम्ही घातलंत?”

काका पुढे आले. “हो. का गं?”

“प्रुफात होतं का हे?”

“प्रुफात नव्हतं, आवळताना घातलं. पानाला वर एवढी जागा. बोडकं पान मशीनवर चढवू होय? चाळीस वर्षांत चढवलेलं नाही.” आणि मग माझं तोंड, जाबिरसाहेबांचं तोंड बघून त्यांचा आवाज बसला. “अरे देवा. अरबी पुस्तक, नाही का? हातानं केलं हो. डोक्याला विचारलंच नाही.”

विदादने पुस्तक घेतलं, पाहिलं, मिटलं आणि टेबलावर ठेवलं. ती हिंदीत बोलली, पण हळू आणि स्वच्छ, म्हणजे आम्हालाही कळावं.

“हे मी नेणार नाही. माझी बॅग तीन ठिकाणी उघडतील. लढाई चालू आहे. ही अनोळखी अक्षरं बघून कुणी विचारलं, ही कसली खूण आहे, तर मी काय सांगू? मला चार तास बसवून ठेवतील. माझी आई विमानतळावर उभी असेल.”

“ब्लेडने खरवडून काढतो,” काका म्हणाले. “अगदी अलगद.”

“खरवडलेलं दिसलं तर आणखी वाईट. काय लपवलं, म्हणतील. ते पानच फाडा ना.”

“त्या पानासाठीच तर पुस्तक आहे,” जाबिरसाहेब म्हणाले.

विदादचं काही चुकत नव्हतं, हे सगळ्यांना कळत होतं. मग मी घड्याळाकडे पाहिलं. सव्वाअकरा.

“विदाद, तू तुझी खरेदी उरकून ये,” मी म्हटलं. “साडेतीनला इथे ये. काका, चारच पानं आहेत. एकच कागद छापायचा. जुळवा परत.”

“सोडवलीत गं पानं.”

“मग घरातून परत काढा!”

“काढतो,” काका म्हणाले आणि उपरणं काढून खुंटीला अडकवलं. रडकुंडीला आले होते, पण हात केसकडे गेले आणि हातांना रडता येत नाही. पहिली कविता त्यांनी छापील पानावरूनच जुळवायला घेतली, आकारावर आकार बघून. जाबिरसाहेबांची गरजही लागली नाही.

जाबिरसाहेब स्टुलावर बसले होते. ते पान त्यांच्या मांडीवर होतं आणि ते त्या श्रीवरून बोट फिरवत होते.

“कुमुदताई, ह्याचा अर्थ काय?”

“अहो, अर्थ म्हणजे... देवाचं नाव. कुठलंही काम सुरू करताना आम्ही आधी हे लिहितो. म्हणजे काम सुखरूप पार पडावं. मध्ये विघ्न येऊ नये.”

“आणि काकांनी ते मुद्दाम नाही लिहिलं.”

“छे हो! हाताची सवय. माफ करा त्यांना. ते तुमचं काम आहे, तुमचं वेगळं आहे, एवढं त्यांच्या डोक्यात आलंच नाही. चांगलं व्हावं म्हणूनच घातलं त्यांनी.”

“चांगलं व्हावं म्हणून,” ते म्हणाले. पलीकडे काकांच्या स्टिकमध्ये खिळे टकटक पडत होते.

“माझ्या बहिणीने वह्या तंदुरीत टाकल्या,” ते एकदम बोलायला लागले. “भाकरीची तंदूर, अंगणातली. मी तेव्हा जहाजावर होती, पळून निघाली होती. घरात आई आणि नजला. नजला एकोणीस वर्षांची. गल्लीत गाडी थांबली, मला शोधायला आलेल्या सरकारी लोकांची. दाराला कडी, आई दारात उभी, आणि नजलाने माझ्या सगळ्या वह्या एकेक करून आगीत टाकल्या. त्या लोकांना काही मिळालं नाही; मिळालं असतं तर जहाज बंदरातच अडवलं असतं. ते निघून गेले.”

“म्हणजे तिने तुम्हाला वाचवलं!” मी म्हटलं. माझा इतक्या दिवसांचा राग कुठे ठेवू, असं झालं मला. “अहो, मग तुम्ही...”

“ऐका. मला आईने पत्रात सगळं लिहिलं. लिहिलं की नजलाने प्रत्येक वही टाकताना ‘बिस्मिल्ला’ म्हटलं. अल्लाच्या नावाने. आम्ही प्रत्येक कामाच्या आधी म्हणतो. भाकरी लावायच्या आधी, पाणी प्यायच्या आधी. आणि ते वाचलं आणि माझं डोकं फिरलं. देवाचं नाव घेऊन माझ्या कविता जाळल्या? म्हटलं, ही काय कुर्बानी होती? बारा वर्षं झाली. आई गेली. नजलाने मला पत्रं लिहिली. मी एकही उघडलं नाही.”

काकांची टकटक थांबली होती. ते पाठमोरेच उभे होते.

“आणि आज हे काका देवाचं नाव माझ्या पुस्तकावर घालतात आणि म्हणतात, हाताने केलं, डोक्याला विचारलं नाही,” जाबिरसाहेब म्हणाले. “एकोणीस वर्षांची पोर. दारावर धक्के. ती रोज त्या तंदुरीत भाकऱ्या लावायची, आणि रोज तेच म्हणायची. तिनेही हातानेच म्हटलं. आणि म्हटलं असेल तर काय म्हणून म्हटलं? काम पार पडावं. विघ्न येऊ नये. माझ्यावर विघ्न येऊ नये! मी किती गाढव, कुमुदताई. बारा वर्षं मी एवढं गाढव राहिली.”

त्यांच्या ‘राहिली’वर कुणी हसलं नाही.

त्यांनी खिशातून पेन काढलं, एका कागदाच्या तुकड्यावर काही लिहिलं, खोडलं, परत लिहिलं आणि काकांना दिलं. “ही ओळ घाला. नावाच्या पानावर.”

काकांनी तुकडा दिव्याखाली धरला. “साहेब, ही ती ओळ नव्हे. ती आखूड होती, आणि शेवटी हा वाटोळा खिळा नव्हता.”

“नव्हता. ती ओळ गेली.”

“काय होतं तिच्यात?” आता मात्र मी विचारलंच. “आणि नुसतं नाव होतं, असं परत सांगू नका.”

त्यांनी खाली पाहिलं. “होतं: ‘नजला, मोजून घे. एकही जळली नाही.’”

चोवीस दिवस आम्ही तिघं राबलो होतो, ते ही चपराक वेळेवर पोचावी म्हणून! आणि मी, मीही मनातून तेच तर म्हणत होते.

“आणि आता?”

“आता: ‘नजलासाठी. तिने वह्या आगीत टाकल्या आणि मला बाहेर काढलं.’”

काका जुळवायला लागले. सव्वातीनला चारही पानं चेसमध्ये आवळली. मी स्वतः वरची रिकामी जागा बोटाने चाचपून पाहिली. काकांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला हसू फुटलं. “नाही घातला गं बाई!” एक कागद मशीनला दिला, उलटून दुसरी बाजू दिली, पंख्याखाली धरला, जुन्या प्रतीतला तुकडा उसवून नवा शिवला. शाई पुरती वाळली नव्हती म्हणून मध्ये टीपकागद घातला. विदाद दारात रिक्षा थांबवूनच आली. तिने पहिलं पान उघडलं, वाचलं, जाबिरसाहेबांकडे पाहिलं आणि पुस्तक बॅगेत न टाकता आपल्या पर्समध्ये ठेवलं.

“हातात देईन,” ती म्हणाली. “दुसऱ्या कुणाच्या नाही.”

बाकीच्या प्रतींचं काय करायचं, मी विचारलं. ते म्हणाले, राहू देत, नवी पहिली पानं सावकाश छापू. आणि मग ते रोज येतच राहिले. खरं तर काम काही नव्हतं. स्टुलावर बसायचे, काकांना अरबी अक्षरांची नावं शिकवायचे, वेणूबाईच्या तक्रारी सांगायचे. रेडिओवर बसऱ्याचं नाव आलं की उठून अंगणात जायचे. मी एकदा म्हटलं, नजलाची जुनी पत्रं आता तरी उघडा की. म्हणाले, “आता तोंड नाही. ती आधी काही बोलू दे. शिव्या दे म्हणावं, पण बोल.” फेब्रुवारी गेला, मार्च गेला, एप्रिल गेला. आमच्याकडे त्यांना सांगण्यासारखं काही नव्हतं आणि आम्ही काही सांगायचोही नाही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी विदाद आली. वाळली होती. तिने खुर्चीही घेतली नाही.

“दिलं,” ती म्हणाली. “त्यांच्या घरी गेले. त्यांनी हात धुतले, पुस्तक घेतलं आणि पहिलं पान वाचलं. मग डोक्यावरच्या रुमालाने तोंड झाकून बसल्या. मी म्हटलं, निघते. त्यांनी मला हाताला धरून बसवलं आणि माझ्यासमोर सगळं पुस्तक वाचलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. बोटावर मोजत.”

“मोजत?” मी म्हटलं.

“हो. आणि म्हणाल्या, जाबिरला सांग, एक्केचाळीस नाहीत. बेचाळीस आहेत. एक तू विसरलास. सगळ्या वह्या मला पाठ होत्या, म्हणून तर मी टाकू शकले. बेचाळिसावी मी तुला पहिल्याच पत्रात लिहून पाठवली. बारा वर्षं झाली. पत्र उघड.”

‘मोजून घे’ ही ओळ आम्ही सोडवून घरात टाकली होती. तिला ती कधी दिसलीच नव्हती. तरी तिने मोजलं होतं.

जाबिरसाहेबांची पिशवी नेहमीसारखी खुंटीला होती. त्यांनी ती काढली, तळाशी हात घातला आणि दोरीने बांधलेला पाकिटांचा गठ्ठा बाहेर काढला. म्हणजे रोज बरोबर आणत होते! सगळ्यांत खालचं पाकीट पिवळं पडलं होतं. त्यांनी ते टेबलावर ठेवलं आणि काकांकडे हात पुढे केला. काकांनी कागद कापायची सुरी दिली.

“बिस्मिल्ला,” ते मोठ्याने म्हणाले आणि पाकीट फोडलं.

आत दोन कागद होते. एकावर पत्र. दुसऱ्यावर, बारीक, नीटस अक्षरात, बारा ओळी. त्यांनी पत्र बाजूला ठेवलं आणि ओळी वाचल्या. दोनदा वाचल्या.

“काय आहे?” मी विचारलं.

“तंदुरीची,” ते म्हणाले. “नजला भाकऱ्या लावते, तिच्यावर मी लिहिलेली. ती तेव्हा दहा वर्षांची होती. गालाला पीठ लागलेलं. मी हीच एक विसरली. बरोबर आहे ना? बारा वर्षं मी त्या तंदुरीकडे बघितलंच नाही, तर ही कशी दिसेल मला?”

विदाद रडत होती. माझंही काही खरं नव्हतं. काका तेवढे उठले. अरबीची केस पुढे ओढली, स्टिक हातात घेतली, आणि मग डाव्या केसमधून, आपल्या मराठीच्या, एक खिळा उचलून मुठीत धरला आणि लहान मुलासारखे उभे राहिले.

“साहेब, इथल्या प्रतींत तरी?”

जाबिरसाहेबांनी मुठीकडे पाहिलं. त्यांना कळलं. “घाला काका. ह्या पानावर घालाच. पुढे बसऱ्याला जातील त्या प्रतींत माझं ‘बिस्मिल्ला’ घालू.”

काकांनी तो खिळा स्टिकमध्ये ठेवला आणि कागदासाठी मान पुढे केली. जाबिरसाहेब स्टुलावर बसले आणि पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं, दुसऱ्यावर ठेवलं. तिसऱ्या ओळीत त्यांचं बोट थांबलं, आणि खांदे हलायला लागले. आम्ही दोघी काय करावं न कळून उभ्या.

काकांनी चष्म्यावरून पाहिलं.

“रडायचं नंतर,” ते म्हणाले. “पुढचं अक्षर दाखवा.”